फोमची डबल टेप की ओढून काढायची पट्टी?

भाड्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही म्हटलं की आपण चिकटवायच्या वस्तूंकडे वळतो, आणि तिथे दोन गोष्टी हमखास एकच समजल्या जातात. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही मऊ, दोन्हींना दोन्ही बाजूंनी गोंद. मीही एकदा पट्ट्या संपल्या म्हणून घड्याळामागे डबल टेपचे चार तुकडे लावले. दोन वर्षं घड्याळ जागचं हललं नाही. घर सोडताना ओढलं, तर घड्याळाबरोबर रंग आला आणि रंगाबरोबर पुट्टीही.

यात टेपचा दोष नाही. ती कायमचं धरून ठेवायलाच बनवलेली असते. चांगल्या अ‍ॅक्रिलिक फोम टेपची पकड लावल्यानंतरही चढत जाते: खोलीच्या तापमानाला साधारण 20 मिनिटांत निम्मी, 24 तासांत 90 टक्के, 72 तासांत पूर्ण. गोंद हळूहळू पृष्ठभागाच्या बारीक खाचांत पसरतो. मग सगळ्यात कच्चा जोड उरतो तो रंग, पुट्टी आणि भिंत यांच्यातला. टेप आपल्याकडे ओढली की सुटतो तोच.

ओढून काढायची पट्टी (बाजारात 'कमांड' हे नाव ओळखीचं) इथेच वेगळी. तिला खाली एक शेपूट असतं. ते भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढलं की पट्टी रबरासारखी ताणते, अरुंद आणि पातळ होते आणि कडेपासून गोंद सुटत जातो. जोर भिंतीच्या रेषेत लागतो, बाहेरच्या बाजूला जवळपास नाही. म्हणून रंग वाचतो. हेच शेपूट घाईत स्वतःकडे ओढलंत, तर महागडी पट्टीही डबल टेपसारखीच वागते. माझ्या मते पट्टीबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात.

उरलेल्या तक्रारी लावण्यातल्या. भिंत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा; साबणाचा किंवा क्लीनरचा थर मागे राहतो आणि पकड जाते. पट्टी 30 सेकंद दाबून धरा. हुक असेल तर वजन टांगण्याआधी तासभर थांबा. रंग ताजा असेल तर किमान आठवडा जाऊ द्या. वजनाची मर्यादा पाकिटावर असते, ती बघा. पलंगाच्या डोक्याशी मात्र काहीच चिकटवून टांगू नका.

भिंतीवरून तळहात फिरवल्यावर पांढरी पूड हाताला येत असेल, तर दोन्हींचा विचार सोडा. पट्टी पुडीलाच चिकटेल आणि पुडीसकट पडेल. वॉलपेपरवरही तेच. अशा ठिकाणी फ्रेम टेबलावर किंवा शेल्फवर भिंतीला टेकवून ठेवलेली बरी.

डबल टेप आधीच लावून बसला असाल तर ओढू नका. हेअर ड्रायरने मिनिटभर कोमट करा, मग वस्तू आणि भिंत यांच्यामध्ये दातांचा फ्लॉस किंवा मासे धरायची दोरी घालून करवतीसारखी पुढे-मागे चालवा. फोम मधून कापला जातो. भिंतीवर उरलेला थर पुन्हा कोमट करून अंगठ्याने चोळला की त्याच्या गोळ्या होऊन निघतात. वेळ लागतो, बोटं दुखतात. शेपूट तुटलेल्या पट्टीलाही हाच उपाय.