ख्रिस्ती उपासनेतील सचोटी आणि आदरभाव

देवाची उपासना करणाऱ्याचे ओठ, मन आणि रोजचे वागणे यांत मेळ असावा, तसेच आपण कोणापुढे उभे आहोत याची जाणीव त्याच्या शब्दांत आणि हालचालींत दिसावी, अशी दुहेरी अपेक्षा ख्रिस्ती धर्मात प्रारंभापासून आहे. यांतील पहिलीला सचोटी म्हणता येईल. दुसरी म्हणजे आदरभाव, ज्याला बायबलमध्ये बहुधा देवाचे भय म्हटले आहे. दोन्ही गोष्टी हव्यात याबद्दल कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट परंपरांत दुमत नाही. त्या ओळखायच्या कशावरून, या प्रश्नावर मात्र शतकानुशतके वाद झाले. तरीही या इतिहासात एक सूत्र सहज सापडते. उपासना खरी आहे की नाही, याची पारख ख्रिस्ती आचार्यांनी उपासकाच्या भावनेच्या उत्कटतेवरून क्वचितच केली. शेजाऱ्याशी त्याचे संबंध कसे आहेत, पैशाच्या व्यवहारात तो कसा वागतो आणि प्रार्थनेच्या वेळी त्याचे अवधान कोठे असते, हे त्यांनी पाहिले.

जुन्या करारातील पार्श्वभूमी

या विचाराची मुळे इस्राएलच्या संदेष्ट्यांच्या वाणीत आहेत. इ. स. पू. आठव्या शतकात आमोसाने लोकांना देवाच्या नावाने सुनावले, की तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमच्या गीतांचा गलबला थांबवा आणि न्याय पाण्याच्या लोटासारखा वाहू द्या. यशयाच्या पहिल्या अध्यायात प्रार्थनेसाठी पसरलेले हात रक्ताने भरलेले आहेत, म्हणून देव ती प्रार्थना ऐकत नाही. हा यज्ञांचा किंवा विधींचा निषेध आहे असे कधी कधी मानले जाते, पण ते बरोबर नाही. संदेष्ट्यांचा आक्षेप विधीवर नव्हता, तर अन्याय झाकण्यासाठी त्याचा पडद्यासारखा उपयोग करण्यावर होता.

सचोटी आणि आदर यांचा सांधा सर्वांत स्पष्ट दिसतो तो मलाखीच्या ग्रंथात. लोक वेदीवर आंधळी, लंगडी आणि आजारी जनावरे आणत असत. संदेष्टा त्यांना विचारतो, की असले जनावर आपल्या सुभेदाराला भेट म्हणून देऊन पाहा, तो प्रसन्न होईल काय? कळपात धडधाकट नर असताना आणि त्याचाच नवस केलेला असताना सदोष पशू अर्पण करणाऱ्याला तो सरळ ठक म्हणतो. येथे अनादर आणि फसवणूक हे दोन वेगळे अपराध उरत नाहीत.

देवाच्या सान्निध्यातील भयाची उदाहरणे जुन्या करारात ठिकठिकाणी आहेत : जळत्या झुडपापाशी मोशेला जोडे काढण्याची आज्ञा होते, मंदिरातील दर्शनाने यशया हादरून जातो, तर अनधिकृत अग्नी वेदीपुढे नेणारे नादाब आणि अबीहू प्राणास मुकतात. उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात देवाच्या मंदिरात जाताना पाऊल जपून टाकावे आणि बोलणे थोडके असावे, असा सल्ला आहे. पण या पवित्र स्थळी कोणी उभे राहावे, असा प्रश्न १५व्या आणि २४व्या स्तोत्रांत विचारला जातो, तेव्हा उत्तरात विधींचा उल्लेखही येत नाही. मनापासून खरे बोलणारा, शेजाऱ्याची निंदा न करणारा, स्वतःचे नुकसान झाले तरी शपथ न मोडणारा, व्याजाने पैसे न देणारा, निर्दोषाविरुद्ध लाच न घेणारा, असे त्याचे वर्णन आहे.

येशूची शिकवण

येशूने हीच परंपरा पुढे नेली आणि अधिक धारदार केली. ओठांनी सन्मान करणाऱ्या, पण अंतःकरणाने दूर असलेल्या लोकांविषयीचे यशयाचे वचन त्याने परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) आणि शास्त्री (धर्मशास्त्राचे पंडित) यांना ऐकवले (मार्क ७, मत्तय १५). डोंगरावरील प्रवचनात दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्ही धर्मकृत्यांबाबत तो एकच गोष्ट सांगतो : ती लोकांना दाखवण्यासाठी करू नयेत. मंदिरात मागे उभा राहून, वर पाहण्याचेही धैर्य न करता दयेची याचना करणारा जकातदार नीतिमान ठरून घरी जातो. आपल्या उपासांचा आणि दशांशाचा हिशेब देवापुढे मांडणारा परूशी तसा ठरत नाही (लूक १८). या दाखल्यातील परूशी खोटे बोलत नाही, हे वाचताना सहसा निसटते. तो सांगतो ते सारे त्याने केलेले असावे. त्याची चूक अशी, की त्याची प्रार्थना शेजारच्या माणसाशी केलेली तुलना आहे.

उपासनेच्या व्यवहारावर सर्वांत खोल ठसा उमटला तो मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील वचनाचा. वेदीजवळ अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा आणि मग परत यावे, असे ते सांगते. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर लवकरच रचल्या गेलेल्या ‘दिदाखे’ या नियमपुस्तिकेत हे वचन प्रत्यक्ष नियम होऊन येते : प्रभुवारी एकत्र जमून भाकर मोडण्यापूर्वी पापे कबूल करावीत, आणि ज्यांचे आपसांत भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत मंडळीत येऊ नये. प्रार्थनेनंतर एकमेकांना शांतीचे चुंबन देण्याची जी प्रथा ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने दुसऱ्या शतकाच्या मध्यास नोंदवली, तिचाही अर्थ पुढे याच वचनाच्या आधारे सांगितला गेला. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ईस्टरपूर्वीच्या महाउपवासकाळाच्या उंबरठ्यावर येणाऱ्या रविवारी धर्मगुरूसह सर्व उपासक आळीपाळीने एकमेकांसमोर वाकून क्षमा मागतात. या विधीत लहानमोठा असा भेद राहत नाही.

करिंथ येथील प्रभुभोजन

नव्या करारात या विषयाचे सर्वांत तपशीलवार प्रकरण करिंथ या ग्रीक शहरातील मंडळीचे आहे. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. प्रेषित पौलाने इ. स. ५०च्या दशकात तिला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायावरून असे चित्र दिसते, की मंडळी कोणाच्या तरी घरी जमत असे आणि प्रभुभोजन हे पूर्ण जेवणाबरोबर होत असे. खाऊन-पिऊन सुखी असलेले लोक आपापले जेवण आधीच उरकून घेत, त्यांतील काही द्राक्षारसाने झिंगत, आणि ज्यांच्यापाशी काही नव्हते ते उपाशी बसत. खायला-प्यायला तुम्हांला घरे नाहीत काय, असा पौलाचा संतप्त प्रश्न आहे. तुम्ही जे खाता ते प्रभुभोजनच नव्हे, असे तो स्पष्ट सांगतो. अयोग्य प्रकारे ही भाकर खाणारा प्रभूच्या शरीराविषयी दोषी ठरतो, हा त्याचा प्रसिद्ध इशारा याच संदर्भात आलेला आहे.

नंतरच्या शतकांत हा इशारा संदर्भापासून सुटला. पौलाचा रोख जेवणाच्या रीतीवर, म्हणजे गरिबांना लाजवणाऱ्या वागण्यावर होता. पुढे तो व्यक्तीच्या अंतर्गत पात्रतेविषयी आहे असे समजले जाऊ लागले. परिणामी धास्तावलेले सामान्य लोक पवित्र भाकरीपासून इतके दूर राहू लागले, की १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेला (पाश्चात्त्य चर्चच्या धर्मसभेला) प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या वेळी, ती घ्यावी असा नियम करावा लागला. आदराचे रूपांतर दुराव्यात होऊ शकते, याचा याहून ठळक पुरावा सापडणे कठीण आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर, म्हणजे प्रॉटेस्टंट परंपरा ज्या चळवळीतून निघाल्या तिच्यानंतर, स्कॉटलंडच्या मंडळ्यांत वडीलजन (मंडळीचे निवडलेले कारभारी) आधी चौकशी करून पात्र सभासदांना धातूचे छोटे बिल्ले देत, आणि तो बिल्ला दाखवल्यावरच प्रभुभोजनाच्या मेजापाशी बसता येई.

आचार्यांचे विवेचन

चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिओक येथील प्रवचनांत धर्मगुरू जॉन ख्रिसोस्तमने करिंथचाच मुद्दा श्रीमंत झालेल्या चर्चपुढे ठेवला. मंदिरात ख्रिस्ताच्या शरीराला रेशमी वस्त्रांनी सजवायचे आणि बाहेर गरिबांच्या रूपात थंडीने कुडकुडणाऱ्या त्याच ख्रिस्ताकडे दुर्लक्ष करायचे, हा सन्मान नव्हे, असे तो म्हणतो. सत्ताधाऱ्यांनाही हा नियम लागू झाला. ३९० साली थेस्सलोनिका येथे सम्राट थिओडोशियसच्या आज्ञेवरून कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोज याने, सम्राट हजर असेल तर मी अर्पणविधी करणार नाही, असे त्याला पत्राने कळवले. सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त घेतल्यावरच त्याला पुन्हा प्रवेश मिळाला.

हाच न्याय धर्मगुरूंना लावला तर काय, हा प्रश्न उत्तर आफ्रिकेत ऐरणीवर आला. रोमन सत्तेने केलेल्या छळाच्या काळात पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्या पाळकांचे विधी निष्फळ होत, अशी डोनाटस या बिशपाच्या अनुयायांच्या पंथाची भूमिका होती. तेथील बिशप ऑगस्टीनने तिला विरोध केला : बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्त, माणूस केवळ त्याचा सेवक. इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांपैकी २६वे कलमही हेच सांगते. या भूमिकेमुळे भाविकाची श्रद्धा पाळकाच्या चारित्र्यावर टांगून राहत नाही, हा तिचा मोठा लाभ होय. मात्र तिने पाळकाची जबाबदारी कमी होत नाही. त्याच कलमात दुराचारी पाळकांची चौकशी करून दोषींना पदच्युत करावे, असेही म्हटले आहे. पण संस्थांना आपली अब्रू वाचवायची असते, तेव्हा हा भाग सोयीस्करपणे मागे पडत आला आहे.

अवधानाचा प्रश्न

मन भरकटले तर प्रार्थना खोटी ठरते काय? सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी केलेल्या नियमांत १९वा अध्याय या विषयाला दिला असून स्तोत्रे गाताना मनाने वाणीशी सुसंगत राहावे, असे सूत्र त्यात आहे. त्याच्या पुढच्याच अध्यायात तो सांगतो, की प्रार्थना शब्दबाहुल्याने नव्हे, तर शुद्ध अंतःकरणाने ऐकली जाते, म्हणून ती थोडकी असावी. दिवसातून अनेकदा तीच ती स्तोत्रे म्हणणाऱ्यांसाठी लिहिलेला हा नियम असल्याने त्याला अनुभवाचे वजन आहे.

तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने अवधानाचे तीन प्रकार सांगितले : शब्द बिनचूक उच्चारण्याकडे, शब्दांच्या अर्थाकडे आणि प्रत्यक्ष देवाकडे. यांतील तिसरे श्रेष्ठ, आणि ते अशिक्षितालाही साधते. नकळत मन भटकल्यास मूळ हेतू टिकून राहतो आणि प्रार्थनेचे फळ बुडत नाही. जाणूनबुजून मन भटकू देणे हे मात्र पाप आहे, असा निवाडा त्याने दिला. प्रार्थनेने मनाला मिळणारे पोषण तेवढे प्रत्यक्ष अवधानाशिवाय लाभत नाही, अशी पुस्तीही तो जोडतो.

संगीताबाबत ऑगस्टीनने हीच अडचण स्वतःच्या अनुभवातून मांडली. गायिलेल्या आशयापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावतो, तेव्हा आपल्या हातून पाप घडते, अशी कबुली तो आत्मकथनाच्या दहाव्या भागात देतो. अशा वेळी, स्तोत्र गाण्याऐवजी जवळजवळ वाचल्यासारखे म्हणायला लावणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसची रीत त्याला अधिक सुरक्षित वाटते. मग धर्मांतराच्या दिवसांत चर्चमधील गायनाने आलेले अश्रू त्याला आठवतात आणि शेवटी तो गायनाच्या बाजूने, पण काहीसा कचरतच, कौल देतो. उपासनेतील संगीताविषयी त्यानंतर झालेल्या बहुतेक वादांत याच दोन बाजू नव्या वेशात दिसतात.

बाह्य रूपे आणि धर्मसुधारणा

आदराची बाह्य चिन्हे सर्वत्र सारखी नाहीत. आज अनेकांना गुडघे टेकणे हीच आदराची परमावधी वाटते, परंतु ३२५ साली झालेल्या बिशपांच्या नायसिया परिषदेच्या २०व्या नियमानुसार रविवारी आणि ईस्टर ते पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस) या काळात पुनरुत्थानाच्या सन्मानार्थ उभ्यानेच प्रार्थना करावयाची होती. त्याआधी ख्रिस्ती लेखक तर्तुल्यनने प्रार्थनेपूर्वी अंगरखा काढून ठेवण्याच्या आणि प्रार्थना संपताच बसून घेण्याच्या सवयींवर टीका केली होती, आणि हात माफक उंचावून हलक्या आवाजात प्रार्थना करावी असे सुचवले होते.

धर्मसुधारणेच्या काळात उपासनेतील शारीरिक मुद्रेवरून तीव्र वाद पेटले. इंग्लंडच्या १५५२ सालच्या प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजन गुडघे टेकून घेण्याची प्रथा कायम ठेवली गेली, पण त्यातून भाकरीची पूजा अभिप्रेत नाही, असा खुलासा ऐन वेळी जोडावा लागला. तो १५५९ साली वगळला गेला आणि १६६२ साली बदललेल्या शब्दांत परत आला. छापील प्रार्थना वाचल्याने माणसे मनात नसलेलेही बोलू लागतात, असे प्यूरिटनांचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये आणखी सुधारणा हवी असणाऱ्या प्रॉटेस्टंटांचे, म्हणणे होते. उत्स्फूर्त प्रार्थनेत सारी मंडळी पुढे उभ्या असलेल्या एका माणसाच्या मर्जीवर आणि वक्तृत्वावर सोडली जाते, असे उत्तर त्यांना मिळाले. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. ठरीव शब्द पोकळ होऊ शकतात तसे उत्स्फूर्त शब्दही सवयीने घासून गुळगुळीत होतात.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेल्या क्वेकर पंथाने हा पेच तोडूनच टाकला. त्यांच्या मूळ रीतीच्या सभेत पाळक नसतो, ठरीव प्रार्थना नसते. आतून प्रेरणा झालेला बोलतो, एरवी सारे मौन. हीच कसोटी त्यांनी बाजारात आणि न्यायालयातही लावली. शपथ घेणे म्हणजे एरवी आपण कमी खरे बोलतो असे मान्य करणे, म्हणून त्यांनी शपथ नाकारली आणि त्यासाठी तुरुंगवास सोसला; सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी साधे प्रतिज्ञापन करण्याची मुभा दिली. घासाघीस टाळून मालाचा एकच भाव सांगण्याची त्यांच्या व्यापाऱ्यांची रीतही याच भूमिकेतून आली.

आधुनिक काळ

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक संविधानात बेनेडिक्टचे सूत्र जवळजवळ त्याच शब्दांत आढळते : भाविकांनी योग्य मनोभूमिकेने यावे आणि आपले मन वाणीशी जुळवावे. त्याबरोबर सर्वांच्या सक्रिय सहभागावरही परिषदेने भर दिला. सहभाग म्हणजे सतत काहीतरी करत राहणे, असा त्याचा उथळ अर्थ काही ठिकाणी लावला गेला. संविधानाने मात्र योग्य वेळी मौन पाळण्याचाही त्यात समावेश केला आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हाच वाद मंच, प्रकाशयोजना आणि ध्वनिवर्धकांच्या साहाय्याने होणाऱ्या संगीतप्रधान उपासनेभोवती फिरतो, आणि तेथे ऑगस्टीनची शंका पुन्हा उभी राहते. २०२०च्या महासाथीत मंदिरे बंद झाल्यावर काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी सभासदांना पडद्यासमोर आपापल्या घरातील भाकर व द्राक्षरस घेऊन प्रभुभोजनात सहभागी होऊ दिले. कॅथलिक चर्चने तसे न करता मिस्साचे (कॅथलिक चर्चमधील प्रभुभोजनाच्या उपासनेचे) प्रक्षेपण पाहताना मनोमन ख्रिस्ताशी ऐक्य साधण्याची जुनी प्रथा सुचवली. करिंथच्या मंडळीत एकाच घरात बसलेल्यांपैकी काहींना उपाशी ठेवले गेले होते. आता उपासकांनी एका ठिकाणी असणेच आवश्यक आहे काय, हा मुद्दा धर्मशास्त्रज्ञांपुढे आला आहे.