मुक्त शैक्षणिक संसाधने : अमेरिकी कम्युनिटी कॉलेजांतील प्रसार

अमेरिकेतील दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत महागड्या पाठ्यपुस्तकांच्या जागी मोफत व मुक्त परवान्याचे साहित्य रूढ करण्याचे प्रयत्न. या साहित्याला मुक्त शैक्षणिक संसाधने म्हणतात. कॉलेजांच्या वर्तुळात ‘ओईआर’ (ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस) हे आद्याक्षरी नावच चालते. त्यात पाठ्यपुस्तके, प्रश्नसंच, प्रयोगपुस्तिका, चित्रफिती, सादरीकरणे असे सर्व काही येते. पुस्तक मोफत मिळणे हा या कामाचा सोपा भाग. ते वर्गात लागू होणे, विद्यार्थ्याला नावनोंदणीच्या वेळीच त्याची माहिती मिळणे आणि चार वर्षांनंतरही ते वापरण्याजोगे राहणे, यांत खरे कष्ट आहेत. ते करणाऱ्याला मोबदला मिळाला नाही, तर उपक्रम दोन-तीन सत्रांत विरून जातो.

फी कमी, पुस्तक महाग

कम्युनिटी कॉलेजांत हा प्रश्न विद्यापीठांपेक्षा तीव्र असण्याचे कारण साध्या हिशेबात आहे. कॅलिफोर्नियात राज्यातील रहिवाशांना २०१२ पासून दर श्रेयांकाला ४६ डॉलर फी पडते, म्हणजे तीन श्रेयांकांच्या विषयाला १३८ डॉलर. त्याच विषयाचे नवे पुस्तक आणि त्याबरोबरचा, प्रकाशकाच्या ऑनलाइन गृहपाठात शिरण्याचा कोड यांची किंमत अनेकदा याहून जास्त असते. गरजू विद्यार्थ्यांना राज्याच्या योजनेतून फी माफ होते. पुस्तकाचा खर्च माफ होत नाही. केंद्र सरकार गरजू विद्यार्थ्यांना देते त्या पेल अनुदानाची, फी वळती होऊन उरलेली रक्कम हातात यायला सत्र सुरू झाल्यावर बऱ्याचदा काही आठवडे जातात आणि तोवर पहिली चाचणी होऊन गेलेली असते.

अमेरिकी कामगार सांख्यिकी खात्याच्या निर्देशांकानुसार जानेवारी २००६ ते जुलै २०१६ या काळात कॉलेजच्या पाठ्यपुस्तकांच्या किमती ८८ टक्क्यांनी वाढल्या. शिक्षणशुल्काची वाढ याच काळात ६३ टक्के होती. फ्लोरिडातील सार्वजनिक कॉलेजे व विद्यापीठांच्या २०१६ च्या पाहणीत ६६.६ टक्के विद्यार्थ्यांनी, किमतीमुळे कधी ना कधी नेमलेले पुस्तक घेतले नाही, असे सांगितले. दर काही वर्षांनी नवी आवृत्ती काढली की जुन्या पुस्तकांचा बाजार थंडावतो. गृहपाठाचा कोड एकदाच वापरता येत असल्याने तो जुना मिळण्याचा प्रश्नच नाही.

वाटचाल

अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने आपले अभ्यासक्रम खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा ठरली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, आपले साहित्य इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल हे लेखकाला आधीच सांगू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे पहिले परवाने आले. कम्युनिटी कॉलेजांची स्वतंत्र संघटना उभी राहिली ती २००७ मध्ये, कॅलिफोर्नियातील फुटहिल–डी अँझा या कॉलेज जिल्ह्याच्या (एका व्यवस्थापनाखालील कॉलेजांच्या गटाच्या) पुढाकाराने.

डी अँझा कॉलेजच्या बार्बरा इलोव्स्की आणि सुझन डीन यांच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकाची वाट बोलकी आहे. मॅक्सफील्ड फाउंडेशनने त्याचे हक्क विकत घेतले आणि ते राइस विद्यापीठाच्या कनेक्शन्स या मंचावर खुले केले. याच मंचातून पुढे ओपनस्टॅक्स ही मुक्त पाठ्यपुस्तकांची प्रकाशनसंस्था घडली. तिची पहिली पुस्तके २०१२ मध्ये निघाली आणि हे संख्याशास्त्राचे पुस्तकही सुधारित रूपात त्या मालिकेत आले. छापील पुस्तकासारखी मांडणी, तज्ज्ञांकडून तपासणी आणि नेहमीच्या अभ्यासक्रमाशी जुळणारा प्रकरणक्रम यांमुळे, आजवर सुट्या पानांच्या गाठोड्याला बिचकणाऱ्या प्राध्यापकांनाही ओपनस्टॅक्स घेणे सोपे गेले.

वॉशिंग्टन राज्याच्या ओपन कोर्स लायब्ररी या प्रकल्पाने सर्वाधिक नोंदणीचे ८१ विषय निवडले आणि प्रत्येक विषयाच्या साहित्याच्या खर्चाला ३० डॉलरची मर्यादा घातली. त्यांतील पहिले विषय २०११ मध्ये खुले झाले. व्हर्जिनियातील टाइडवॉटर कम्युनिटी कॉलेजाने २०१३ मध्ये व्यवसाय प्रशासनाची संपूर्ण सहयोगी (दोन वर्षांची) पदवी पाठ्यपुस्तकाच्या खर्चाविना दिली. तिचे ‘झेड-डिग्री’ (झेड म्हणजे झिरो, शून्य खर्च) हे नाव इतरांनीही उचलले. २०१६ मध्ये अचीव्हिंग द ड्रीम या संस्थेने १३ राज्यांतील ३८ कम्युनिटी कॉलेजांत अशा पदव्या उभारायला घेतल्या. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी शून्य-खर्च पदव्यांसाठी ५० लाख डॉलर दिले होते. २०२१ मध्ये ही तरतूद ११.५ कोटींवर गेली.

मोफत आणि मुक्त

प्रसाराच्या कामात सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. या क्षेत्रातील अमेरिकी अभ्यासक डेव्हिड वायली यांच्या मांडणीनुसार मुक्त साहित्याबाबत पाच हक्क मिळायला हवेत : प्रत कायम जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, दुसऱ्या साहित्याशी मिसळणे आणि पुढे वाटणे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवता येतात, पण त्यांवर ‘सर्व हक्क राखीव’ असते. ती मोफत आहेत, मुक्त नाहीत. उलट आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतलेही धडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असल्याने ते बदलून पुन्हा वाटता येतात. ग्रंथालयाने वर्गणी भरून घेतलेले ई-पुस्तक विद्यार्थ्याला फुकट पडते, पण वर्गणी थांबली की ते नाहीसे होते. ‘शून्य-खर्च’ या शिक्क्यात असे ई-पुस्तक बसते. ‘मुक्त’ या शिक्क्यात बसत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (‘सीसी’) परवान्यांत ‘सीसी बाय’ सर्वांत सैल : श्रेय दिले की झाले. ‘एसए’ असेल तर नवे रूपही त्याच परवान्याने द्यावे लागते. ‘एनसी’ व्यापारी वापर रोखतो, त्यामुळे पुस्तक छापून नफ्यावर विकायचे असेल तर कॉलेजचे पुस्तक-दुकान अडचणीत येते. ‘एनडी’ असलेले साहित्य बदलून वाटता येत नाही, म्हणून ते मुक्त संसाधनांत धरत नाहीत. प्रत्यक्षात ठेच लागते ती मिश्रणात. ‘बाय-एसए’चे प्रकरण आणि ‘बाय-एनसी-एसए’चे प्रकरण एकमेकांत विणून एक नवा मजकूर करता येत नाही, कारण दोन्ही परवाने आपापल्या अटीचाच आग्रह धरतात. ती प्रकरणे वेगवेगळी ठेवून, प्रत्येकावर त्याचा परवाना लिहून, एकाच संग्रहात लावायला हरकत नसते. श्रेयाच्या ओळीत शीर्षक, लेखक, मूळ दुवा आणि परवाना अशा चार गोष्टी हव्यात, बदल केला असेल तर त्याचाही उल्लेख हवा. ही ओळ मजकूर घेतानाच लिहावी. दोनशे चित्रांचा उगम सत्राच्या शेवटी शोधायला बसलेला माणूस बहुधा अर्धी चित्रे काढून टाकतो.

विषय बदलण्याची पद्धत

सुरुवात जास्त तुकड्यांच्या विषयांपासून करतात : लेखनाचा पहिला अभ्यासक्रम, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, सामान्य जीवशास्त्र. यांना तयार पुस्तके आहेत आणि एका निर्णयाचा लाभ शेकडो विद्यार्थ्यांना मिळतो. नर्सिंग, वेल्डिंग, परभाषांचे वरचे वर्ग यांच्यासाठी साहित्य विरळ असते, आणि संपूर्ण पदवी शून्य-खर्च करायची झाली की गाडी नेमकी याच विषयांपाशी अडते. एकच सक्तीचा विषय राहिला तरी पदवीला शिक्का देता येत नाही.

वेळापत्रक उलटे मोजावे लागते. पानगळीचे सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होत असले, तरी त्याची नावनोंदणी बहुतेक ठिकाणी वसंतातच उघडते आणि दुकानाला पुस्तकांची यादी त्याआधी द्यायची असते. म्हणजे पुस्तक हिवाळ्यात ठरले पाहिजे. त्यासाठी ग्रंथपाल विषयाची उद्दिष्टे घेऊन ओपनस्टॅक्स, लिब्रेटेक्स्ट्स, मिनेसोटा विद्यापीठाची ओपन टेक्स्टबुक लायब्ररी आणि ओईआर कॉमन्स हे जालावरील संग्रह धुंडाळतात. प्राध्यापक एकेका उद्दिष्टासमोर प्रकरण लिहून तक्ता भरतात. तक्त्यात दोन-तीन रिकाम्या जागा निघाल्या तर तेवढाच मजकूर लिहावा किंवा दुसरीकडून घ्यावा. अख्खे पुस्तक नव्याने लिहिण्याचा मोह अनेकांना होतो आणि बहुतेकांचे ते अर्धवट राहते. म्हणूनच अनुदानाचे टप्पे पाडलेले असतात : तयार पुस्तक जसेच्या तसे घेतले तर कमी मानधन, त्यात बदल केले तर अधिक, नवे लिहिले तर सर्वांत जास्त.

विभागात एकमत होणे ही वेगळी परीक्षा आहे. कम्युनिटी कॉलेजांत अर्धवेळ शिक्षकांचा वाटा मोठा. त्यांना सत्र तोंडावर आल्यावर वर्ग मिळतो, त्यामुळे ते हाताशी असलेले प्रकाशकाचे तयार पॅकेज घेतात. त्यांना पुस्तकाचा दुवा पाठवून भागत नाही. पाठांची आखणी, सादरीकरणे, प्रश्नपेढी आणि गृहपाठ असलेला संपूर्ण अभ्यासक्रम वर्गाचे कामकाज चालवणाऱ्या कॅन्व्हाससारख्या ऑनलाइन प्रणालीत एका कळीसरशी उतरवता आला, तरच ते वळतात. गणितात हा अडथळा सर्वांत मोठा होता, कारण आपोआप तपासला जाणारा गृहपाठ प्रकाशकांकडेच असे. वॉशिंग्टनमधील पिअर्स कॉलेजचे डेव्हिड लिपमन यांच्या मायओपनमॅथ या मोफत गृहपाठ-प्रणालीने ती कोंडी बरीचशी फोडली. प्रश्नपेढ्यांची उत्तरे जालावर फुटतात ही तक्रार खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून दर वेळी आकडे बदलणारे प्रश्न ठेवतात. निबंधवजा विषयांत तोही उपाय चालत नाही.

सुगम्यता शेवटी तपासायची गोष्ट नव्हे. समीकरणे चित्ररूपात टाकली तर दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचकप्रणालीला ती वाचता येत नाहीत. ती मॅथएमएल किंवा लाटेक या गणित लिहिण्याच्या संगणकी पद्धतींत हवीत. आकृत्यांना वर्णन, चित्रफितींना उपशीर्षके, तक्त्यांना शीर्षओळी लागतात. पाने स्कॅन करून केलेला पीडीएफ या कसोटीवर नापासच. बदल करता येण्याच्या दृष्टीनेही पीडीएफ वाईट, म्हणून संपादनासाठी प्रेसबुक्स किंवा लिब्रेटेक्स्ट्स अशा ऑनलाइन मंचांवरची मूळ प्रत ठेवतात आणि पीडीएफ फक्त वाटण्यासाठी काढतात.

वेळापत्रकातील खूण

२००८ च्या केंद्रीय उच्च शिक्षण कायद्याने वेळापत्रकात नेमलेल्या पुस्तकांचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) आणि किंमत देणे कॉलेजांवर घातले. ही तरतूद जुलै २०१० पासून लागू झाली. राज्ये याच्याही पुढे गेली आणि त्यांनी मोफत किंवा मुक्त साहित्याच्या विषयांवर वेळापत्रकातच खूण करायला लावली : ओरेगनने २०१५ मध्ये, टेक्ससने २०१७ मध्ये, तर कॅलिफोर्नियाने २०१६ च्या कायद्याने, ज्याखाली फक्त मोफत डिजिटल साहित्य वापरणाऱ्या तुकड्यांवर जानेवारी २०१८ पासून चिन्ह लावणे आवश्यक झाले.

कागदावर सोपे वाटणारे हे काम प्रत्यक्षात चुकते. पुस्तकाची माहिती दुकानाच्या प्रणालीत असते, वेळापत्रक नोंदणी कार्यालयाच्या, आणि दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. प्राध्यापकाने दुकानाला काहीच कळवले नाही, तर गेल्या सत्राचे पुस्तक यादीत तसेच राहू शकते आणि विद्यार्थी ते विकत घेऊन बसतो. म्हणून ‘पुस्तक नाही’ हेसुद्धा दुकानाच्या अर्जात लिहून द्यायचे असते. ज्या तुकडीला शिक्षकच ठरलेला नाही तिच्यावर खूण लावता येत नाही. शिक्षक ऐनवेळी बदलला तर लावलेली खूण खोटी ठरते. विभागाने सगळ्या तुकड्यांसाठी एकच पुस्तक ठरवणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय, पण अध्यापन-स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर अनेक विभाग तो मानत नाहीत आणि त्यांची हरकत अगदीच निराधार नाही.

बचतीचा हिशेब

अहवालांतील मोठे आकडे सावधपणे वाचावेत. समजा, एका विषयाच्या १० तुकड्यांत ३५० विद्यार्थी आहेत आणि नवे पुस्तक १८० डॉलरचे आहे. सरळ गुणाकाराने बचत ६३,००० डॉलर. पण १०० जणांनी नवे, १०० जणांनी ९० डॉलरला जुने, ७० जणांनी ४५ डॉलरला भाड्याने घेतले असते आणि ८० जणांनी घेतलेच नसते, तर खरी बचत ३०,१५० डॉलर. या ८० जणांचा पैसा वाचलेला नाही. त्यांना पहिल्या दिवशी पुस्तक मिळाले, आणि शिक्षणाच्या दृष्टीने तोच लाभ मोठा. कित्येक संस्था दर विद्यार्थ्यामागे १०० डॉलर धरतात. सोयीचा आकडा आहे, पण तो कुठून आला हे सोबत लिहावे.

शिकण्यावर काय परिणाम होतो? अचीव्हिंग द ड्रीमच्या उपक्रमाच्या मूल्यमापनात, असे अनेक विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांनी तुलनेने जास्त श्रेयांक मिळवले. गुणांच्या सरासरीत लक्षणीय फरक दिसला नाही. एवढ्यावरून ‘मुक्त पुस्तकाने निकाल सुधारतो’ असा प्रचार करणे घाईचे आहे. पुस्तक तसेच, शिकवणे तसेच, तर फरक पडेल तो ज्याच्याकडे आधी पुस्तकच नव्हते त्यालाच, आणि सरासरीत तो बुडून जातो.

स्पर्धा आणि देखभाल

प्रकाशकांनीही उत्तर शोधले. फीबरोबर डिजिटल पुस्तकाचे पैसे आपोआप कापायचे आणि नको असेल त्याने मुदतीत नकार कळवायचा, अशी ‘इन्क्लुसिव्ह अॅक्सेस’ योजना २०१६ च्या केंद्रीय नियमांनंतर फोफावली. पहिल्या दिवशी पुस्तक मिळते हे खरे. मात्र सत्र संपले की ते बहुधा जाते, आणि नकाराची मुदत चुकली की पैसेही जातात. मुक्त साहित्याची बाजू मांडणाऱ्यांनी या योजनेशी तुलना करताना नव्या पुस्तकाच्या छापील किमतीचा दाखला देणे आता पुरत नाही.

मुक्त साहित्याचे स्वतःचे दुखणे देखभालीचे. दुवे तुटतात, करकायदे आणि आरोग्यविषयक निकष बदलतात, अनुदान मात्र एकदाच मिळते. कॉलेजात यासाठी एक समन्वयक हवा, बहुतेकदा ग्रंथपाल, आणि त्याच्या कामाचे तास नियमित अंदाजपत्रकात हवेत. दर सत्राआधी दुवे तपासणे, चुकांची नोंद ठेवून वर्षातून एकदा आवृत्ती काढणे, आवृत्तीला क्रमांक देणे आणि सत्र चालू असताना पान-क्रमांक न हलवणे हे किमान नियम. बढतीच्या नियमांत असे पुस्तक सांभाळण्याला लेखनाइतके वजन देणारी कॉलेजे अजून थोडी आहेत. त्यामुळे मूळ शिक्षक निवृत्त झाला की पुस्तकाचा संपादन-प्रवेश कोणाकडे आहे हेच विभागाला ठाऊक नसते. प्रत्येक पुस्तकाला दोन संपादक नेमणे आणि मूळ प्रत कॉलेजच्या खात्यावर ठेवणे, ही तजवीज पहिल्याच सत्रात करावी लागते.