बाजूची पाटी म्हणजे साइडलॉक नव्हे

महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी फोटो पाठवतंच. पणजोबांची विलायती दुनळी, खाली एक ओळ: "साइडलॉक आहे, किती येतील?" फोटोत दस्त्याच्या तोंडाशी पानाच्या आकाराची पोलादी पाटी, तिच्यावर कोरलेले तितर उडतायत, कडेने वेलबुट्टी. मी फोटो मोठा करून बघतो आणि दहातल्या सातआठ वेळा ती बॉक्सलॉकच, म्हणजे साधारणपणे स्वस्त जातीची, निघते. पाठवणाऱ्याला वाईट वाटतं. मला वाईट याचं वाटतं, की त्याला साइडलॉक म्हणून सांगणारा बहुधा बंदुका विकणाराच असतो.

बाहेर घोडे असलेली दुनळी सगळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करू. तिच्या दोन्ही बाजूंना ज्या पाट्या असतात, त्यांच्या आतल्या अंगाला बार उडवणारी सगळी यंत्रणा, म्हणजेच लॉक, बसवलेली असते: कमान, घोड्याचा आतला भाग, त्याला अडकवून धरणारी कळ. ठासणीच्या बंदुकीपासून चालत आलेली ही मांडणी. पुढे घोडे बाहेरून आत गेले, पण यंत्रणा पाटीलाच चिकटून राहिली. साइडलॉक म्हणजे एवढंच. पाटी काढली की लॉक हातात येतं.

बॉक्सलॉकची गोष्ट वेगळी. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधल्या अँसन आणि डीली या दोघांनी पेटंट घेतलं. त्यांनी यंत्रणा बाजूच्या पाटीवरून उचलली आणि नळ्यांच्या मागे असतो त्या पोलादी ठोकळ्याच्या पोटात बसवली. भाग मोजकेच. बंदूक मोडली, म्हणजे नळ्या खाली पाडल्या, की त्याच झोकाने आतले घोडे चढतात. मजबूत आणि बनवायला स्वस्त. जगातल्या बहुतेक बिगरघोड्याच्या दुनळ्या याच जातीच्या आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग गोंधळ कुठे होतो? बॉक्सलॉकचा ठोकळा लहान असतो, त्याच्यावर कोरायला जागा कमी. शिवाय गिऱ्हाइकाला "महाग दिसणारी" बंदूक हवी असते. म्हणून कारखानदार ठोकळ्याच्या मागे, लाकडात खाच काढून, दोन्ही बाजूंना नुसत्या पाट्या बसवून द्यायचे. मागणीप्रमाणे जादा पैसे घेऊन, उघडपणे. यात फसवणूक नव्हती. फसवणूक शंभर वर्षांनी सुरू होते, जेव्हा कुणीतरी त्या पाटीकडे बोट दाखवून "साइडलॉक" म्हणतं.

ओळखायचं कसं, यावर लोक मला एक ठरलेली खूण सांगतात: पाटी ठोकळ्याच्या मागच्या कडेपाशीच सुरू होत असेल तर ती शोभेची, आणि तिचं नाक पुढे ठोकळ्यात घुसलेलं असेल तर खरी. ही अर्धीच गोष्ट आहे आणि याच अर्ध्या गोष्टीने सगळ्यांचा घात होतो. खऱ्या साइडलॉकमध्येही दोन प्रकार असतात. एकात मोठी कमान घोड्याच्या पुढे, म्हणजे ठोकळ्याच्या अंगात असते; तिथे पाटीचं नाक पुढे जातं हे खरं. दुसऱ्यात कमान घोड्याच्या मागे, लाकडाच्या बाजूला असते. त्या जातीची पाटी बरोबर तिथूनच सुरू होते जिथून शोभेची होते. बाहेरची रेघ बघून या दोघींत फरक करताच येत नाही. मीसुद्धा एकदा अशी मागच्या कमानीची चांगली बंदूक शोभेची म्हणून नाकारून आलो आहे. तो सौदा आठवला की अजून चुटपुट लागते.

म्हणून रेघ सोडा आणि पाटीवरचे स्क्रू मोजा. खऱ्या साइडलॉकच्या पाटीवर आतल्या भागांना धरणाऱ्या स्क्रूंची आणि खिळ्यांची डोकी दिसतात. साधारण मध्यभागी एक मोठं गोल डोकं असतं, ते घोड्याच्या आसाचं. त्याच्या आसपास तीन-चार लहान. चांगल्या इंग्रजी बंदुकीत त्या मोठ्या डोक्यावर सोन्याची बारीक रेघ भरलेली असते. घोडा चढला की रेघ फिरते, म्हणजे बंदूक चढलेली आहे का हे बघताक्षणी कळतं. शोभेच्या पाटीवर यातलं काही असायचं कारण नाही. तिला लाकडात धरून ठेवायला एक-दोन स्क्रू पुरतात.

पण इथेही सावध राहा. काही उंची साइडलॉकवर कोरीवकाम अखंड राहावं म्हणून स्क्रूंची डोकी मुद्दाम दडवलेली असतात. उलट काही शोभेच्या पाट्यांवर कोरणाऱ्याने स्क्रूची खोटी डोकी काढलेली असतात, खाचेसकट. त्यामुळे दुसरी खूण ठोकळ्यावर बघा. बॉक्सलॉकमध्ये घोडा आणि कळ ज्या आसांवर फिरतात ते आस ठोकळ्यातून आरपार जातात. त्यांची टोकं दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाला, पाटीच्या पुढे लहान वर्तुळासारखी दिसतात. पॉलिश आणि कोरीवकामात ती बुजलेली असतात, म्हणून उजेड तिरका धरा. मग बंदूक उलटी करा. अँसन-डीलीच्या रचनेत यंत्रणा खालून बसवलेली असते, म्हणून ठोकळ्याच्या तळाला झाकणपट्टी असते. आसांची टोकं आणि तळाचं झाकण दोन्ही सापडलं, की बाजूला मोर नाचत असला तरी बंदूक बॉक्सलॉकच.

आणखी एक गैरसमज जाता जाता मोडून टाकतो. "लॉक हाताने निघतं, म्हणजे साइडलॉक" हे साफ चूक. वेस्टली रिचर्ड्सने १८९७ साली पेटंट घेतलेल्या बॉक्सलॉकमध्ये तळाचं झाकण उघडून दोन्ही लॉक बोटाच्या चिमटीत बाहेर काढता येतात. ती बॉक्सलॉकच आहे, आणि किंमत विचाराल तर पुष्कळ साइडलॉकना मागे टाकते.

किमतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चांगली बॉक्सलॉक सुमार साइडलॉकपेक्षा केव्हाही बरी. साइडलॉक हा शब्द ऐकून पैसे मोजणाऱ्यांना वाटतं, की प्रत्येक साइडलॉक म्हणजे लंडनची नामांकित पर्डी. पर्डीची रचना बीझ्ली नावाच्या कारागिराने १८८० साली पेटंट केलेली. वरची दांडी सरकवली की बंदूक आपणहून उघडते, आणि ती आजही त्याच तत्त्वावर बनते. बेल्जियममध्ये घाऊक भावाने बनलेली साइडलॉक तिची चुलत बहीणही लागत नाही. साइडलॉकचा खरा फायदा चापाच्या ओढीत आणि सुरक्षेत आहे. चांगल्या साइडलॉकमध्ये दुसरी कळ असते, बंदूक पडली आणि पहिली निसटली तरी घोडा अडवणारी. तोटा लाकडाचा. यंत्रणेला जागा करायला दस्त्याचं तोंड बरंच पोखरावं लागतं, म्हणून जुन्या साइडलॉकच्या पाटीमागे लाकडात केसासारखी चीर शोधायची. तेल मुरून काळं पडलेलं लाकूड असेल तर नखाने दाबून बघा. कोरीवकाम नंतर बघता येईल.

स्क्रूंच्या खाचाही बघा. नीट बनवलेल्या इंग्रजी बंदुकीत सगळ्या खाचा नळीच्या रेषेत असतात. एक जरी तिरकी असेल किंवा कडा फुलल्यासारख्या झाल्या असतील, तर कुणीतरी घरचा स्क्रूड्रायव्हर लावलेला आहे. या गोष्टीने मला शोभेच्या पाटीपेक्षा जास्त राग येतो.

नळ्यांमधल्या पट्टीवर लिहिलेल्या नावाने हुरळून जाऊ नका. कलकत्त्याची मँटन, लायन अँड लायन, मुंबईची आर्मी अँड नेव्ही, जिची काळाघोड्याची इमारत अजून उभी आहे: ही विकणाऱ्यांची नावं. त्यांच्या नावाच्या पुष्कळ बंदुका बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत बनलेल्या असतात. लंडनच्या थोर जोसेफ मँटनची म्हणून काडतुसाची दुनळी दाखवली, तर हात जोडून घरी या; तो १८३५ साली वारला, आणि त्याने आयुष्यभर ठासणीच्याच बंदुका बनवल्या. नळ्या उतरवून त्यांच्या खालच्या सपाट भागावरचे ठसे वाचले, तर पट्टीपेक्षा खरी माहिती मिळते. नळ्यांवर दमिष्की वेल (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या जुन्या नळ्यांची नक्षी) दिसत असेल, तर आजचं काडतूस घालायचा विचारही करू नका.

कागदांबद्दल थोडक्यात. बारा बोअरचं काडतूस आजही दुकानात मिळतं, त्यामुळे "जुनी आहे, लायसन्स कशाला" हा युक्तिवाद चालत नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतात, आणि वारशाची बंदूकही त्यात मोजली जाते. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू परदेशी लिलावात पाठवायचा बेत असेल, तर १९७२चा पुरावस्तू कायदा आधी वाचा.

गेल्या वर्षी एका मित्राच्या आजोबांची दुनळी घेऊन आम्ही पुण्यातल्या एका जुन्या गनस्मिथकडे गेलो. लायसन्स मित्राच्या नावावर, बंदूक निवडणुकीपुरती पोलिसांकडे जमा होऊन नुकतीच सुटून आलेली, नळ्यांवर गंजाची तांबूस पावडर. पाटीवर दोन रानडुकरं आणि एक कुत्रा. मित्राच्या घरात तीन पिढ्या ती साइडलॉक म्हणून सांगितली गेली होती. मी ठोकळ्यावरची दोन वर्तुळं त्याला दाखवली, त्याला पटलं नाही. गनस्मिथ काही बोलला नाही. त्याने पात्याचं टोक खाचेच्या मापाला घासून घेतलं, स्क्रू काढला आणि पाटी हलकेच उचलून मित्राच्या तळहातावर उलटी ठेवली. आत काहीच नव्हतं. कानसेचे ओरखडे, कोपऱ्यात ठोकलेला एक आकडा, आणि सुकून मेणासारखं झालेलं तेल. मागच्या लाकडात कुठेही पोखरलेलं नाही, त्यामुळे दस्त्याचं तोंड एकदम ठणठणीत.

मित्र बराच वेळ पाटीकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे लाकूड तरी वाचलं." गनस्मिथने अंगठ्याने तेल पुसलं, पाटी जागेवर बसवली, आणि स्क्रू घट्ट झाल्यावरही अर्धा केस फिरवून त्याची खाच नळीच्या रेषेत आणून सोडली.