बाउंटी चालू आहे, पण यादी कधीची आहे?
(डीफाय प्रोटोकॉल, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या पैशाच्या सेवा, चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

तुमच्या कॉन्ट्रॅक्टमधल्या (ब्लॉकचेनवर, म्हणजे चेनवर, चालणाऱ्या प्रोग्राममधल्या) चुकांचे जे रिपोर्ट बाउंटीसाठी येतात, ते आम्ही तपासतो. गेल्या वर्षभरात आम्हाला सगळ्यात जास्त वेळा आलेला फोन असा: ‘‘रिपोर्ट आलाय, पण ज्या कॉन्ट्रॅक्टबद्दल आहे ते आम्ही आता वापरतच नाही. तरी पैसे द्यायचे का?’’

बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं आणि ते ऐकून समोरचा माणूस आमच्यावरच चिडतो. प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेलं बरं. बाउंटी म्हणजे चूक शोधून कळवणाऱ्याला द्यायचं बक्षीस, व्हाइटहॅट म्हणजे चोरी न करता ती कळवणारा संशोधक, हे तुम्हाला ठाऊक आहेच. यादी म्हणजे स्कोपची: कोणत्या कॉन्ट्रॅक्टमधल्या चुकीला बक्षीस आहे ते सांगणारी.

मागच्या दिवाळीची गोष्ट. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एका ग्राहकासाठी रिपोर्ट आला. व्हॉल्टच्या (लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या) हिशेबात राउंडिंगची चूक होती, आणि ती वापरून दुसऱ्यांच्या ठेवी काढता येत होत्या. सोबत चालणारा पीओसी, म्हणजे ती चूक वापरून दाखवणारा कोड. आमच्या टीममधल्या मुलीने फराळाचं ताट बाजूला ठेवून तो फोर्कवर (चेनच्या खासगी नकलेवर) चालवून पाहिला. चूक खरी होती. ग्राहकाच्या टीमचं उत्तर आलं, ‘‘ते जुनं व्हॉल्ट आहे, तीन आठवड्यांपूर्वीच नवीन काढलं.’’ काढलं होतं खरं. पण स्कोपच्या यादीत अ‍ॅड्रेस जुनाच होता आणि त्या जुन्या व्हॉल्टमध्ये, ज्यांनी पैसे हलवले नव्हते अशा लोकांचे ३८,००० डॉलर पडून होते. द्यायचे की नाही यावर ११ दिवस काथ्याकूट झाला. शेवटी १०,००० डॉलर दिले. तो संशोधक पुन्हा त्या प्रोटोकॉलकडे फिरकला नाही. चांगला होता हो.

हे ११ दिवस वाचवायला यादीतली एक ओळ बदलायची होती.

पुष्कळांचा समज असा की गिटहबची लिंक दिली म्हणजे स्कोप दिला. गिटहबवरच्या रिपॉझिटरीत असतो तो तुम्ही लिहिलेला कोड. चेनवर असतं ते जे खरोखर डिप्लॉय झालंय (चेनवर चढलंय) ते, आणि त्याची आजची अवस्था. पैसे चेनवर असतात. वर्महोल या ब्रिजचं (एका चेनवरून दुसरीवर पैसे नेणाऱ्या सेवेचं) उदाहरण आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला देतो. २ फेब्रुवारी २०२२ ला तिथून १,२०,००० रॅप्ड इथर (इथेरियमच्या इथर या नाण्याचं दुसऱ्या चेनवर वापरायचं रूप) चोरीला गेले, म्हणजे तेव्हाच्या भावाने ३२ कोटी डॉलरच्या आसपास. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, २४ फेब्रुवारीला, टोपणनावाने काम करणाऱ्या एका संशोधकाने त्यांना दुसरंच भोक दाखवलं. प्रॉक्सी म्हणजे लोक वापरतात ते न बदलणारं पुढचं कॉन्ट्रॅक्ट, इम्प्लिमेंटेशन म्हणजे तिच्यामागचा बदलता येणारा कोड. इथेरियमवरच्या प्रॉक्सीमागचं इम्प्लिमेंटेशन आधीच्या एका दुरुस्तीनंतर इनिशियलाइझ न करता (म्हणजे त्याचा मालक न ठरवता) राहिलं होतं. कोणीही ते स्वतःच्या नावावर इनिशियलाइझ करून, सेल्फडिस्ट्रक्ट करून (चेनवरून पुसून) टाकू शकला असता. मग ब्रिजमधले पैसे कायमचे अडकले असते. कोड वाचून हे सहज दिसत नाही. चेनवर जाऊन ‘हे इनिशियलाइझ झालंय का’ एवढंच विचारावं लागतं. चूक त्याच दिवशी बुजवली गेली आणि इम्युनिफाय या बाउंटीच्या मंचामार्फत संशोधकाला १ कोटी डॉलर मिळाले.

म्हणून आमच्याकडे यादीत प्रत्येक चेनवरचा प्रत्येक अ‍ॅड्रेस वेगळा लागतो. प्रॉक्सी असेल तर तिच्यामागचं इम्प्लिमेंटेशन आणि ते बदलल्याची तारीख लागते. बंद केलेली कॉन्ट्रॅक्टही लागतात, आत किती शिल्लक आहे त्यासकट. ‘बंद’ म्हणजे वेबसाइटवरून बटण काढलं, एवढ्यावर कॉन्ट्रॅक्ट बंद होत नाही. अपग्रेडची किल्ली कोणत्या मल्टिसिगकडे (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटकडे) आहे तेही लिहा. एथरस्कॅन या चेनवरची माहिती दाखवणाऱ्या साइटवर ‘रीड अ‍ॅज प्रॉक्सी’ ही टॅब उघडली की आत्ताचं इम्प्लिमेंटेशन दिसतं, ते यादीशी ताडून बघा. अख्खा अ‍ॅड्रेस ताडा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवून समाधान मानणाऱ्यांनी पूर्वी मार खाल्ला आहे. आणि इम्प्लिमेंटेशनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये इनिशियलायझर कायमचा बंद करणारी ओळ आहे ना, तेही पाहा. ओपनझेपेलिनच्या (कॉन्ट्रॅक्टसाठी तयार कोड देणाऱ्या) लायब्ररीत ती सोय तयार आहे.

तुमची स्वतःची चेन असेल तर यादी कॉन्ट्रॅक्टवर थांबत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्येच जे फ्रीमन याने (आयफोनवाल्यांना सिडिया या अनधिकृत अ‍ॅप स्टोअरमुळे आठवेल) ऑप्टिमिझम या चेनमध्ये जी चूक पकडली, ती त्यांनी बदलून घेतलेल्या गेथमध्ये (इथेरियम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) होती: कॉन्ट्रॅक्ट सेल्फडिस्ट्रक्ट झालं तरी त्यातली शिल्लक शून्य होत नव्हती, त्यामुळे इथर हवेतून तयार करता येत होतं. त्याला २०,००,०४२ डॉलर मिळाले. वरच्या ४२ डॉलरचं कोडं ज्यांना सुटलं त्यांनी चहाला यावं.

आता रकमेबद्दल, कारण दुसरा वाद तिथे होतो. क्रिटिकल, म्हणजे सगळ्यात गंभीर, चुकीला, धोक्यात असलेल्या रकमेच्या १० टक्के, वर कमाल मर्यादा आणि खाली किमान रक्कम, अशी या धंद्यातली रूढ पद्धत आहे. समजा प्रोटोकॉलमध्ये ४० लाख डॉलर आहेत आणि सापडलेल्या चुकीतून त्यातल्या १२ लाखांपर्यंत हात पोचतो. १० टक्के म्हणजे १.२ लाख. कमाल मर्यादा १ लाखाची लावली असेल तर १ लाख. दिवाळीच्या प्रकरणात १० टक्के फक्त ३,८०० होत होते, पण त्यांनीच किमान १०,००० जाहीर केले होते. जाहीर केलेला आकडा रिपोर्ट आल्यावर खाली आणायचा नाही. आमच्या करारात हे कलम आहे आणि ते आम्ही कोणासाठीही काढत नाही.

‘‘ऑडिट (कोडची तपासणी) झालंय, मग बाउंटी कशाला?’’ हाही नेहमीचा प्रश्न. ऑयलर फायनान्स या कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलची अनेक ऑडिट झालेली होती. नंतरच्या एका बदलात, राखीव निधीला देणगी देण्याचं फंक्शन आलं आणि त्यात देणाऱ्याच्या कर्जाची तब्येत तपासणं राहून गेलं. १३ मार्च २०२३ ला १९.७ कोटी डॉलर गेले. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर १० लाख डॉलरची बाउंटी तेव्हा चालूच होती. तिनेही ते पकडलं नाही. त्यातले बहुतेक पैसे नंतर चोराने परत केले, पण तो भाग नशिबाचा. बाउंटी घेतली की सुरक्षित झालात असं आम्ही कधीही सांगणार नाही. चांगल्या माणसाला तुमच्याकडे बघायचं कारण मिळतं, इतकंच. पॉली नेटवर्क या ब्रिजने ऑगस्ट २०२१ मध्ये ६० कोटींहून जास्त डॉलर गेल्यावर चोरालाच ५ लाख डॉलर देऊ केले. त्या वेळी देऊ केलेल्या पैशाला बाउंटी म्हणायचं की खंडणी, तुम्हीच ठरवा.

आमच्या काही सवयी ग्राहकांना जाचक वाटतात. पीओसीशिवाय आलेला रिपोर्ट आम्ही परत पाठवतो. मशीनने लिहिलेली पानंच्या पानं रोज येतात, ती तुमच्या डेव्हलपरपर्यंत पोचली तर त्याचं काम थांबेल. मेननेटवर (खऱ्या चेनवर) करून पाहिलेला हल्ला आम्ही बाउंटीत धरत नाही, सगळं फोर्कवर. ऑगस्ट २०२२ मध्ये नोमॅड ब्रिजवर एकाचा व्यवहार बघून शेकडो लोकांनी तोच उचलून, फक्त आपला अ‍ॅड्रेस घालून पाठवला. १९ कोटी डॉलर असे गेले. एकच चूक दोघांनी कळवली तर पूर्ण बक्षीस पहिल्याला. दुसऱ्यालाही काही द्यायचं असेल तर जरूर द्या: पॉलिगॉन या चेनने डिसेंबर २०२१ मध्ये पहिल्याला २२ लाख डॉलर दिले आणि एका दिवसाने आलेल्या दुसऱ्यालाही ५ लाख मॅटिक (त्यांचं नाणं) दिले. दुरुस्ती होण्याआधीच एकाने ८,०१,६०१ मॅटिक लांबवले होते, त्यामुळे त्या दिवसांत तास किती महत्त्वाचे होते ते त्यांना चांगलंच कळलं होतं.

आणि बाउंटीची रक्कम सुरुवातीलाच वेगळ्या मल्टिसिगमध्ये ठेवायला आम्ही सांगतो. ‘‘एवढे पैसे नुसते पडून?’’ असं प्रत्येक जण म्हणतो. संशोधक रिपोर्ट लिहिण्याआधी तीच शिल्लक बघतो. आमची महिन्याची फी एकही चूक सापडली नाही तरी लागते, कारण खोटे रिपोर्ट त्या महिन्यातही वाचावे लागतात. बक्षिसातून आम्ही काही घेत नाही, त्यामुळे चूक मोठी की छोटी ठरवताना आमचा हात कुठल्याच बाजूला झुकत नाही. भारतातल्या संशोधकाला क्रिप्टोमध्ये पैसे देताना कराचं काय, ते तुमच्या सीएंना आधीच विचारून ठेवा.

ज्यांची यादी तीन महिन्यांहून जुनी आहे, त्यांना आम्ही या महिन्यात ती विनामूल्य ताडून देत आहोत. त्यासाठी प्रत्येक चेनवरचा डिप्लॉयरचा (ज्या खात्यावरून कॉन्ट्रॅक्ट चढवली त्याचा) अ‍ॅड्रेस पाठवा, बाकीचं आम्ही शोधून काढू. आणि पुढे कधी अपग्रेड करणार असाल, तर व्यवहार पाठवायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘आज बदलतोय’ एवढं टाका. रात्री अडीचला टाकलंत तरी चालेल.