फाउंडेशन गेलंय साहेब!

एसटीत खिडकीजवळ बसलोय, गाडी स्टँडवर उभी, इंजिन चालू आणि काच अशी खडखडतेय की शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही. मग ड्रायव्हर ॲक्सिलेटरवर पाय देतो आणि काच एकदम गप्प. आता इंजिन तर आधीपेक्षा जोरात फिरतंय, मग खडखड वाढायच्या ऐवजी थांबली कशी? लहानपणापासून डोक्यात असलेल्या या प्रश्नाच्या मागे मी खरा लागलो तो स्वतःच्या गाडीचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबराचा आधार, फाटलं तेव्हा.

माझी गाडी तीन सिलिंडरची. सिग्नलला थांबलं की आतला आरसा थरथरायचा, मागच्या बाईकचा एक हेडलाइट दोन दिसायचा, एसी लावला तर स्टिअरिंगपण हातात गुरगुरायचं. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, म्हणाला ब्रेक घट्ट दाबून धरा, पहिला गिअर टाका आणि क्लच जरासाच सोडा. इंजिन एका बाजूने चांगलं दोन बोटं वर उचललं. "फाउंडेशन गेलंय साहेब."

इंजिन माउंटिंगला गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. दिसायला अगदी साधी वस्तू, एक लोखंड इंजिनला बोल्ट केलेलं, दुसरं बॉडीला, आणि मधे रबर. पण हे रबर किती मऊ असावं यात सगळी गंमत आहे.

आधी इंजिन किती वेळा ढकलतं ते बघू. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे तीन सिलिंडरचे एका फेरीला दीड धक्के. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतंच चालू असताना, 800 आरपीएम (मिनिटाला 800 फेऱ्या) धरले तर सेकंदाला साधारण 20 धक्के, म्हणजे 20 हर्ट्झ. चार सिलिंडरला तेच जवळपास 27 होतात. तीन सिलिंडरवाल्या गाड्या उभ्या असताना जास्त थरथरतात त्याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे तीनवालं इंजिन पुढून मागे डुलतंही.

आता घरी करून बघा. एक लांब रबरबँड घ्या, त्याला कुलूप लटकवा आणि वरचं टोक हातात धरा. हात हळू वरखाली केला तर कुलूप हाताबरोबर जातं. थोडा वेग वाढवला की एका ठराविक लयीला कुलूप वेड्यासारखं उड्या मारायला लागतं, ती त्याची स्वतःची लय, म्हणजे फ्रिक्वेन्सी, आणि त्या लयीला असं उसळणं म्हणजे रेझोनन्स. आणि अजून भराभर हलवलं तर हात हलतोय पण कुलूप जवळजवळ जागच्या जागी! एसटीची काच गप्प होते ती अशीच, इंजिनची लय काचेच्या लयीपासून लांब गेली म्हणून.

माउंटिंगचं सगळं काम या तिसऱ्या अवस्थेत चालतं. इंजिन आणि रबर मिळून जी लय असते तिच्या 1.41 पटीच्या वर धक्के गेले की मगच कंपन अडायला लागतं, त्याच्या खाली असाल तर रबर उलट ते वाढवतं. समजा लय 10 हर्ट्झ आहे, तर 20 हर्ट्झच्या धक्क्याचा फक्त एक तृतीयांश भाग बॉडीत पोचतो.

मी काय केलं, पैसे वाचवायला निम्म्या किमतीचं लोकल रबर टाकलं. नवं कोरं, हाताला मस्त कडक लागत होतं, आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त थरथरायला लागली! हिशोब केल्यावर कळलं. रबर दुप्पट कडक झालं तर लय 10 वरून 14 वर जाते, 14 ची 1.41 पट म्हणजे बरोबर 20, म्हणजे आयडलिंगचा अख्खा धक्का थेट सीटखाली. कडक म्हणजे मजबूत हे आपलं गणित इथे चालत नाही.

मग लोण्यासारखं मऊ रबर का नाही टाकत? कारण खड्डा आला की शंभरेक किलोचं इंजिन आत नाचेल, आणि क्लच सोडल्यावर उलटं वळायला बघेल ते वेगळंच. म्हणजे आयडलिंगला मऊ पाहिजे आणि खड्ड्याला कडक, एकाच तुकड्यात. यावर हायड्रोलिक माउंटिंग निघालं. रबराच्या आत दोन कप्पे, त्यात ग्लायकॉल नावाचं रसायन मिसळलेलं पाणी, मधे एक लांब वळणाची अरुंद वाट आणि एक सैल पडदा. बारीक थरथर असेल तर पडदाच पुढेमागे होतो, पाणी वाटेने जातच नाही, म्हणून माउंटिंग मऊ वागतं. खड्ड्यात मोठा हेलकावा आला की पडदा टेकतो, पाण्याला त्या अरुंद वाटेनेच जावं लागतं आणि त्यात हेलकाव्याचा जोर मरतो. असं माउंटिंग फुटलं की खाली काळपट ओघळ दिसतो, पुष्कळ जण तो ऑइल लीक समजून भलतंच काहीतरी उघडत बसतात.

पोर्शने 2010 च्या सुमारास 911 जीटी3 मध्ये याच्याही पुढचं केलं, आतल्या द्रवात लोखंडाचे बारीक कण घातले, चुंबक चालू केला की द्रव घट्ट होतो आणि बंद केला की पातळ. पण मुळात इंजिन रबरावर नीट तोलायची गोष्ट जुनीच आहे. 1931 साली क्रायस्लरने प्लिमथ गाडीत पुढचं माउंटिंग उंच आणि मागचं खाली असं लावलं, म्हणजे दोघांना जोडणारी रेघ इंजिनच्या गुरुत्वमध्याजवळून जाते आणि इंजिन त्या रेघेभोवती आपलं आपलं डुलत राहतं, बॉडीला फार त्रास नाही. सित्रोएनने ते लायसन्स घेऊन फ्रान्समध्ये वापरलं.



शेवटी मी गपचूप ओरिजिनल माउंटिंग टाकलं. आरसा आता स्थिर आहे. चावी बंद केल्यावर मात्र गाडी अजून एक गचका देते, मी परत मेकॅनिककडे गेलो तर तो हसला. इंजिन थांबताना धक्के 20 वरून शून्यावर येतात आणि वाटेत 10 लागतोच.