बावटा उतरवायचा कधी? किनाऱ्याजवळ विरणाऱ्या वादळांची पार्श्वभूमी

अरबी समुद्रातले वादळ सौराष्ट्राच्या दिशेने निघाले की सुरुवातीचे दिवस ते कुठे धडकणार याच्याच चर्चेत जातात. खरा पेच पडतो तो किनारा जवळ आल्यावर. अनेकदा वादळाचा जोर ओसरू लागतो, वाहिन्यांवर ‘धोका टळला’ची पट्टी फिरते आणि बंदरावरचा धोक्याचा बावटा ठेवायचा की उतरवायचा, हे ठरवण्याची वेळ येते.

आपल्याकडे वादळाचे इशारे सुरू झाले ते बंदरांसाठी. १८६४ मध्ये कोलकात्याला वादळाने झोडपले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरासाठी ही सोय झाली. १८७५ मध्ये देशाचे हवामान खाते उभे राहिले. नंतर जवळजवळ शंभर वर्षे सगळी भिस्त जहाजांच्या आणि किनाऱ्यावरच्या नोंदींवर होती. भर समुद्रात वादळ विरले, तर ते विरले हे कळायलाही वेळ लागे.

चित्र पालटले उपग्रहांमुळे. १९७० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेली ड्वोराक पद्धत आजही आपल्या अंदाजाचा कणा आहे, कारण वादळात विमान घुसवून वारा मोजण्याची नियमित सोय आपल्याकडे नाही. उपग्रहचित्रात ढगांची गुंडाळी किती घट्ट आहे, मधोमध मोकळा ‘डोळा’ दिसतो का, हे पाहून वादळाला तीव्रतेचा आकडा, म्हणजे ‘टी क्रमांक’ दिला जातो. या पद्धतीत एक नियम आहे आणि सगळ्या वादाचे मूळ तिथेच आहे. वादळ कमजोर होऊ लागले की चित्रातले ढग आधी विस्कटतात, समुद्रावरचा वारा मात्र लगेच पडत नाही. म्हणून ढग विस्कटलेले दिसले तरी पुढचे साधारण बारा तास तीव्रतेचा आकडा खाली आणायचा नाही, आणि नंतरही तो ढगांवरून निघणाऱ्या आकड्यापेक्षा थोडा वरच ठेवायचा. मोबाइलवर तेच चित्र पाहणाऱ्याला वाटते, वादळ तर फुटले, मग हे अजून का घाबरवताहेत? अंदाज वर्तवणारा इथे मुद्दाम सावध असतो आणि तो योग्यच करतो.

वादळ विरण्यामागची कारणे ठाऊक आहेत. वरच्या थरातला वारा खालच्यापेक्षा वेगळ्या दिशेने किंवा वेगाने वाहू लागला की वादळाचा ढगांचा उभा खांब तिरका होतो. अरबस्तानाकडची कोरडी हवा आत ओढली जाते. उत्तरेकडे पाण्यातली उष्णताही पुरेशी नसते. अवघड आहे ते यातले नेमके कोणते, किती तासांनी आणि किती जोराने अंगावर येईल हे सांगणे. २०२० चे ‘निसर्ग’ तर उलट रायगडच्या किनाऱ्यावर येता येता जोर धरून गेले.

डिसेंबर २०१७ मधले ‘ओखी’ मुंबईकरांना आठवत असेल. दक्षिणेत मच्छीमारांचे बळी घेऊन ते वर सरकले तेव्हा त्याचा जोर सरत आला होता. तरी ५ डिसेंबरला मुंबईतल्या शाळा बंद ठेवल्या गेल्या आणि वादळ गुजरातपाशी विरल्यावर त्या सुट्टीवर टीकाही झाली. पण त्याच दिवशी महापरिनिर्वाण दिनासाठी आलेल्या अनुयायांचा शिवाजी पार्कवरचा मुक्काम पावसाने चिखलात गेला आणि त्यांना पालिकेच्या शाळांत हलवावे लागले. भर समुद्रात वादळ विरत असताना दादरमध्ये माणसे भिजत होती.

सगळ्यात वादग्रस्त निर्णय जून २०१९ मधला, ‘वायू’ च्या वेळचा. १३ तारखेला ते वेरावळ-दीवच्या आसपास धडकेल असा अंदाज होता. पावणेतीन लाखांच्या आसपास माणसे हलवली गेली. ऐन वेळी वादळ पश्चिमेला वळले. ते किनाऱ्यावर चढले नाही, पण लाटांनी पोरबंदरचे जुने भूतेश्वर महादेव मंदिर पाडले. १४ तारखेला गुजरात सरकारने धोका टळल्याचे सांगून लोकांना घरी जाण्याची मुभा दिली. त्याच दिवशी दुसरीकडून सूचना आली की वादळ मागे फिरून कच्छकडे येऊ शकते. ते फिरलेही, मात्र कच्छजवळ येईपर्यंत कमी दाबाचे क्षेत्र एवढेच उरले. निवाऱ्यातल्या माणसाचे हाल खरेच असतात. जनावरे मागे राहिलेली, होड्या बंद, मजुरी बुडालेली. तरीही लोकांना घरी धाडण्याची ही घाई होती असे माझे ठाम मत आहे. १९९८ च्या कांडला वादळात हजाराहून अधिक माणसे गेली, त्यांत मिठागरांतले मजूर मोठ्या संख्येने होते. त्याच राज्यात वादळ समुद्रात जिवंत असताना ‘टळले’ हा शब्द वापरायला नको होता. महाराष्ट्रालाही या वादळाची झळ बसली. त्याने मोसमी वाऱ्यांची वाट रोखली आणि मुंबईत पाऊस २५ जूनला पोहोचला.

जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ आले तेव्हा वागणे बदललेले दिसले. अत्यंत तीव्र अवस्थेतून ते एक पायरी उतरले, तरी किनारा रिकामा करण्याचे काम थांबले नाही. सुमारे लाखभर माणसे हलवली गेली आणि १५ जूनच्या संध्याकाळी ते जखाऊ बंदराजवळ जमिनीवर आले. आपल्या वर्गवारीत ही पायरी फक्त वाऱ्यावरून ठरते. ताशी ६२ किलोमीटरच्या खाली वारा आला की चक्रीवादळ हे नाव जाते, पावसाचा त्यात हिशेबच नाही. बिपरजॉयचेही ‘चक्रीवादळ’ हे नाव गेले, आणि त्यानंतर त्याच्या उरलेल्या भागाने राजस्थानात जालोर, सिरोही, बाडमेरमध्ये पूर आणला.