डोळे भरतात कुठून, वाहतात कुठे

‘मनसोक्त रडा, शरीरातली विषारी द्रव्यं अश्रूंवाटे निघून जातात’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरत असतो. जोडीला एखाद्या रडवणाऱ्या सिनेमाची शिफारस असते: थकलेला नवरा, गेलेली बायको, अंगणातली रिकामी खुर्ची. सिनेमा जरूर बघावा. विषाची गोष्ट मात्र खरी नाही. ती का खरी नाही हे समजायला डोळ्यातलं पाणी येतं कुठून आणि जातं कुठे, एवढं पाहिलं तरी पुरतं.

भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, कवटीच्या खोबणीत, बदामाच्या आकाराची अश्रुग्रंथी असते. एरवी डोळ्यावर सुमारे ७ मायक्रोलिटर पाणी पसरलेलं असतं (१ मिलिलिटर म्हणजे १००० मायक्रोलिटर) आणि मिनिटाला साधारण १.२ मायक्रोलिटर नव्याने येतं. कांदा चिरताना झोंबणारा वायू बुबुळाला लागतो. तिथली चेतातंतूंची टोकं ही वर्दी मेंदूच्या देठापर्यंत पोचवतात आणि तिथून चेहऱ्याच्या चेतेमार्फत (चेता म्हणजे नर्व्ह) ग्रंथीला हुकूम सुटतो. सिनेमा बघताना डोळ्याला काहीच लागलेलं नसतं. हुकूम वरून, मेंदूतल्या भावनांशी संबंधित केंद्रांकडून आणि हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाकडून येतो, पण तोही देठातल्या त्याच केंद्रात उतरतो. नळ एकच, तोटी फिरवणारे हात दोन. म्हणून बुबुळाकडून वर्दी नेणारी चेता निकामी झालेल्या माणसाच्या त्या डोळ्यात कांद्याने पाणी येत नाही, दुःखाने मात्र येतं.

पुढची वाटही पाहण्यासारखी आहे. देठातून निघालेले तंतू चेहऱ्याच्या चेतेबरोबर थोडं चालतात, मग वेगळे होऊन नाकामागच्या एका चेतागंडिकेत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यात, थांबतात. तिथून दुसरे तंतू निघतात, ते ग्रंथीत पोचतात आणि ॲसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडतात. लाळेच्या ग्रंथींकडे जाणारे काही तंतूही याच चेतेतून जातात. चेहऱ्याच्या पक्षाघातातून बरं होताना कधी कधी ते वाट चुकून अश्रुग्रंथीत वाढतात. मग त्या माणसाच्या डोळ्यातून जेवताना पाणी वाहतं, आणि घरच्यांना वाटतं की याला कसली तरी आठवण येते आहे.

आता निचरा. खालच्या पापणीची कड नाकाच्या बाजूला आरशात निरखून बघा. जेमतेम ०.३ मिलिमीटरचं एक भोक दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच आहे. ही अश्रुरंध्रं. त्यांच्यापासून सुमारे १ सेंटिमीटर लांबीच्या बारीक नळ्या अश्रुपिशवीकडे जातात आणि पिशवीतून निघालेली नळी नाकात उघडते. पाणी आपोआप उतरत नाही. पापणी लवली की तिचा स्नायू नळ्या दाबतो, उघडली की त्या पाणी ओढून घेतात. पापणी हा पंप आहे. रडताना नाक गळतं ते सर्दीने नव्हे, तिथे आधी उतरलेले असतात ते अश्रूच.

डोळ्याच्या खाचेत जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटरच्या आसपास पाणी मावतं. औषधाचा एक थेंबही बहुधा याहून मोठा असतो, म्हणून नीट घातला तरी गालावर ओघळतो. सिनेमातही हेच गणित चालतं. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, पंप मंदावतो, वरून आवक वाढलेली असते, डोळे नुसते पाणावलेले राहतात. मग प्रसंग बदलतो, पापणी मिटते आणि साचलेलं सगळं एकदम काठाबाहेर येतं. चारचौघांत अश्रू लपवायला पुष्कळ जण डोळ्यांचे नाकाजवळचे कोपरे चिमटीत धरतात. त्याने नळ्या बंद होतात आणि पाणी गालावरच येतं. तिथे न दाबता खालच्या पापणीच्या कडेला रुमाल नुसता टेकवावा.

विषाच्या दाव्यामागे एक खरा प्रयोग आहे. अमेरिकेत जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम फ्राय यांनी लोकांना दुःखी सिनेमे दाखवून अश्रू गोळा केले. कांद्याने आलेल्या अश्रूंपेक्षा त्यांत प्रथिनं सुमारे २४ टक्के जास्त आढळली, काही संप्रेरकंही सापडली. पण संप्रेरक सापडणं वेगळं आणि शरीर स्वच्छ होणं वेगळं. बराच वेळ रडून १ मिलिलिटर पाणी गेलं असं धरू. मूत्रपिंडं तेवढा द्रव अर्ध्या सेकंदात गाळतात. शिवाय अश्रूंचा बराच भाग नाकातून घशात उतरतो आणि आवंढ्याबरोबर आपण तो गिळतो. बाहेर टाकायचं विष पुन्हा पोटात घेण्याची ही कसली रीत?

मग मोकळं वाटतं ते खोटं का? नाही, पण त्याला वेळ लागतो. २०१५ साली नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने ६० जणांना दोन सिनेमे दाखवले. एक ‘लाइफ इज ब्युटिफुल’, दुसरा ‘हाची’. टोकियोचे प्राध्यापक उएनो १९२५ साली वारले आणि त्यांचा अकिता जातीचा कुत्रा हाचिको १९३५ साली मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत राहिला, त्यावर तो बेतलेला आहे. ६० पैकी २८ जण रडले. सिनेमा संपताक्षणी त्यांची मनःस्थिती आधीपेक्षा बिघडलेली होती. न रडलेल्या ३२ जणांची जवळपास आधीसारखीच होती. २० मिनिटांनी रडलेले पूर्वपदावर आले आणि ९० मिनिटांनी सिनेमाआधीपेक्षाही बरे होते. रडून लगेच हलकं वाटलं नाही तर काही बिघडलं असं समजू नये.

‘म्हातारपणी माणूस हळवा होतो’ यात तथ्य आहे. कुन्झमान आणि ग्र्यून या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली उतारवयातल्या कायमच्या ताटातुटीची दृश्यं तरुणांना आणि वृद्धांना दाखवली. वृद्धांना दुःख अधिक जाणवलं, शरीराच्या प्रतिक्रिया मात्र दोघांच्या सारख्याच होत्या. वयाने हृदय दुबळं होऊन रडू येतं असं त्यातून मुळीच निघत नाही.

पण आजोबांच्या डोळ्यातलं सगळंच पाणी भावनेचं नसतं. वयाबरोबर अश्रुग्रंथी कमी पाझरते. पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी मंदावल्या की पाण्यावरचा तेलाचा थर पातळ होतो, पाणी लवकर सुकतं, बुबुळ चुरचुरतं आणि त्यावर उतारा म्हणून पाण्याचा लोंढा येतो. कोरडा डोळा वाहतो तो असा. दुसरीकडे खालची पापणी सैल पडते, अश्रुरंध्र डोळ्यापासून सुटून बाहेर वळतं आणि निचरा खुंटतो. वाऱ्यात, वाचताना किंवा एकाच डोळ्यातून सतत पाणी येत असेल तर ते हळवेपण समजून सोडून देऊ नये. नेत्रतज्ज्ञ ५ मिलिमीटर रुंद टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत ५ मिनिटं अडकवून ती लांबीला किती भिजली ते मोजतात. ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळा कोरडा आहे. पट्टी चांगली भिजूनही गालावर पाणी येत असेल, तर खोट निचऱ्याच्या नळीत शोधतात.